चेहरा आतल्या बाजूनं

सकाळी सव्वानऊला, अकोल्याच्या फूलबाजारात पंजाबराव फुलवाल्याच्या ओट्यापुढं उभी असताना, ऊन किती चढलं म्हणून वर्षालीनं वर पाहिलं, तर वर ती स्वतःच होती. आडवी. डोक्याकडची दोरी लिंबाच्या फांदीला आणि पायाकडची, म्हणजे पाय नव्हतेच, फोटो छातीपर्यंतच होता, विजेच्या खांबाला बांधलेली. सहा बाय चारची. कपाळावर घडी पडून पडून पांढरी रेघ उमटलेली, डाव्या गालावर पाण्याचे ओघळ, आणि ओठांवर ते हसू, जे स्टुडिओवाल्यानं तिसऱ्या खेपेला तिच्याकडून कसंबसं काढून घेतलं होतं. कानामागून एक विमान निघालेलं. खाली लाल अक्षरांत ‘अमरावतीची लेक निघाली जर्मनीला! कु. वर्षाली भगवंतराव मेहरे हिस उच्च शिक्षणासाठी हार्दिक शुभेच्छा’. त्याखाली शुभेच्छुकांचे गोल गोल चोवीस चेहरे आणि मधोमध, विमानापेक्षा किंचित मोठे, खुशालराव.

आरशात पाहताना माणसाची थोडीफार तयारी असते. इथं ती नव्हती. वर्षालीचा हात आपोआप तोंडाच्या स्कार्फकडे गेला. स्कार्फ जागेवर होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं बंद, फक्त डोळे उघडे. अकोल्या-अमरावतीत मार्चपासून मृगापर्यंत एकही पोरगी अशी गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, आणि सख्खा भाऊ शेजारून गाडीवर गेला तरी त्याला बहीण ओळखू येत नाही. या एका गोष्टीसाठी वर्षाली वऱ्हाडाच्या उन्हाची ऋणी होती. हिवाळ्यात तिनं धुळीचं कारण काढलं होतं. सात महिने झाले, ती या शहरात दोन डोळे म्हणून राहत होती.

“काय देऊ बाई?” पंजाबराव म्हणाले. “निशिगंध नाई आज.”

निशिगंधासाठीच ती आली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार अमरावतीहून पहिल्या एसटीनं त्याच्या टोपल्या येत. त्यातला थोडा घ्यायचा, पिशवीत नाक घालून घरी जायचं, एवढाच तिचा आठवड्याचा कार्यक्रम होता. तिनं वर बोट दाखवलं. “हे कोन हाय?”

“हे? हे जर्मनीवाली. भगवंतरावची पोरगी. त्याच्या मालावर ओलं पोतं न् त्याच्यावर हे फ्लेक्स झाकून येते. एरवी रिकाम्या टोपल्यांसंगं वापस जाते. त्याचं एकच म्हननं, चेहरा आतल्या बाजूनं ठेवजा भौ, उन्हानं रंग उडते. मी म्हनो, काहो, फुलं झाकून राह्यले का पोरगी झाकून राह्यले?” पंजाबराव हसले, आणि आज हसायचा दिवस नाही हे आठवून त्यांनी मध्येच थांबून झेंडूवर पाणी मारलं. “गेला ना तो. आज पाह्यटे. तीन दिवस दवाखान्यात होता म्हने. मंग टोपल्या कोनाच्या, न् वापस कोनाले देता? डोक्शावर ऊन ये, मनलं चाल बांधून देऊ. झेंडू देऊ पाव किलो?”

“द्या,” वर्षाली म्हणाली.

हे ‘द्या’ आपण इतक्या सरळ आवाजात कसं म्हणालो, याचा विचार तिनं नंतर एसटीत बराच वेळ केला. बाप गेल्याचं कळल्यावर पाव किलो झेंडू घेणारी मुलगी कशी असते, याची तिला कल्पना नव्हती. पण माणसानं काहीतरी विचारलं की उत्तर द्यायचं, ही सवय या सात महिन्यांत तिला फार पक्की लागली होती. तिकडे थंडी कशी आहे? खूप आहे. जेवण कसं असतं? ब्रेड असतो. आपल्याकडचं कोणी आहे का? एक तेलुगू मुलगी आहे. उत्तरं तयार असत. प्रश्न कुठलाही आला तरी हात घातला की एक हाती लागे.

पिशवी घेऊन ती बसस्थानकाच्या दिशेनं चालू लागली आणि चालता चालता तिला सुभद्रा आत्याची साडी आठवली. आत्या पहाटे पाचलाच निघाली होती. मूर्तिजापूरला शाळेतल्या एका बाईच्या पोरीचं लग्न आहे, संध्याकाळी येते, भाजी करून ठेवली आहे, असं उंबऱ्यातून बोलून गेली. वर्षालीकडे बघितलं नव्हतं. लग्नाला निघालेली बाई घरातली धुवट, फिक्या रंगाची साडी नेसून कशी गेली, हे वर्षालीनं पाहिलं होतं आणि पुन्हा झोपली होती. जर्मनीत तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. त्या वेळेला उठण्यात अर्थ नव्हता.

म्हणजे आत्याला माहीत होतं. तीन दिवसांपासून माहीत होतं. तीन दिवस आत्या तिच्यासमोर बसून जेवली होती, मालिका पाहिली होती. परवा रात्री वर्षालीनं आईला फोन केला तेव्हा मागं पावलांचा, चाकांच्या खुर्चीचा आवाज येत होता आणि आई म्हणाली होती, “लग्नात आलो बाप्पा एका, मंग बोलू.” लग्नसराई घरच्यांच्या फार उपयोगी पडली होती. आणि चीड यायच्या आधी वर्षालीच्या मनात जे आलं त्यानं तिलाच धक्का बसला. तिला वाटलं, बरोबरच आहे, इतक्या दूर कळवून उगाच जीवाला घोर.

एसटी पावणेदहाला सुटली. खिडकीकडची जागा मिळाली, म्हणजे उन्हाकडची. झेंडूची पिशवी मांडीवर. फुलं तापू लागली की त्यांना एक कडवट, हिरवट वास सुटतो, हा वास बाबांच्या बोटांना कायमचा होता. जेवतानाही, आजारपणात कपाळावर हात ठेवतानाही. गावातल्या प्रत्येक सत्काराचे हार आणि प्रत्येक तिरडीवरची फुलांची चादर त्यांच्याकडून जायची. माणूस मोठा झाला तरी आपल्याकडं येते न् मेला तरी आपल्याकडंच येते, असं ते म्हणत, आणि धंद्याला बरं असतं हेही त्यात आलं. स्वतः त्यांनी आयुष्यात हार घातला तो फक्त लग्नात, आणि तोही त्यांनी स्वतःच केला होता म्हणे.

सगळी चूक सभागृहाची होती. हे वर्षालीला आता, बोरगावच्या थांब्यावर चणे-फुटाणेवाला ओरडत असताना, स्वच्छ दिसलं. जर्मनीच्या विद्यापीठाचं पत्र ऑगस्टमध्ये आलं. त्या गावाचं नाव घरात चार जण चार प्रकारे उच्चारत आणि चौघांनाही आपलाच उच्चार बरोबर वाटे. व्हिसा यायचा होता. पण समाजाचा गुणवंत सत्कार दरवर्षी गणपतीनंतरच्या रविवारी होतो, आणि खुशालराव समाजाचे अध्यक्ष. ते अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, “भगवंतराव, व्हिसा काय, आज नाई तं उद्या येतेच. सभागृह पुन्हा भेटत नाई. पावने ठरले, फ्लेक्स टाकला.” बाबा निशिगंध ओवत होते. ते म्हणाले, “व्हिसाचं पत्र येऊ द्यान पयले.” खुशालराव म्हणाले, “पत्र कुठी जाते बाप्पा?” हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की सत्कार तिथंच पक्का झाला. दहावीचा निकाल लागायच्या आधी पेढे सांगून ठेवणारी, पोरगी पसंत पडायच्या आधी मांडववाल्याला तारीख देणारी माणसं ही. आजवर त्यांचं बहुतेक वेळा जमलंही होतं.

सत्काराला तीनशे माणसं होती. बाबांनी तिच्यासाठी केलेला हार इतका जड होता की तिला मान वाकवून उभं राहावं लागलं, आणि फोटोत ती फार नम्र दिसली. बाबा शेवटच्या रांगेत, दाराजवळ; हात ओले होते म्हणून पुढं आले नाहीत. पाहुणे बोलले, खुशालराव बोलले. खुशालरावांनी प्रस्थानाची तारीखही जाहीर केली, चोवीस सप्टेंबर, आणि बडनेऱ्याला जायला गाड्या कोणाकोणाच्या हेही तिथंच ठरलं. सहाव्या दिवशी व्हिसाचं उत्तर आलं. शिक्षण पूर्ण झाल्यावर अर्जदार मायदेशी परत जाईल याची खात्री पटत नाही, सबब अर्ज नामंजूर.

बाबांनी ते तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे त्याईले वाटते का तू तिकळेच राहशीन?” आणि क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांच्या चेहऱ्यावर अभिमानासारखं काहीतरी येऊन गेलं. मग ते गेलं. आई चुलीपुढं बसून होती. भाऊ जीवन दाराला टेकून मोबाइल बघत होता. त्या मोबाइलवर त्याला दिवसभर अभिनंदनाचे निरोप येत होते आणि तो प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवत होता. “आता लोकाईले काय सांगाव?” आई म्हणाली. त्या घरात त्या दिवशी विचारला गेलेला हा एकच प्रश्न. अर्ज का नामंजूर झाला, पुढं काय शिकायचं, वर्षालीला काय वाटतं, हे प्रश्न होते. ते कोणी विचारले नाहीत. खुद्द वर्षालीनंही नाही.

उपाय बाबांनीच काढला, तोही ओवता ओवता, सुईकडे बघत. “सगळ्याईसमोर गाडीत बस न् अकोल्याले उतर. सुभद्रा एकटीच असते, तिच्याकळे राह्य. दोन-तीन महिन्यात पुन्हा अर्ज करू. आला मंजूर का तिथूनच जाय. कोनाले काय समजते?” सुई पुढच्या फुलात गेली. उपाय सगळ्यांना पटला. इतका पटला की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तयारी सुरू झाली. लोणचं बरणीतून पिशवीत, पिशवी डब्यात, दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो, जीवननं कापसाच्या काट्यावर वजन करून आणल्या. अकोल्याला जाताना वजनाची मर्यादा नसते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आपण ‘नाही’ म्हणालो नाही, हे वर्षालीला नंतर रोज आठवत असे, साधारण दुपारी साडेतीनला, जेव्हा तिकडे दुपारचे बारा वाजत.

बडनेऱ्याच्या फलाटावर एकतीस माणसं होती. दही-साखर, नारळ, पायावर पाणी, खुशालरावांचं छोटंसं भाषण. गाडीला दोनच मिनिटांचा थांबा असल्यामुळे ते अर्ध्यावर राहिलं. गाडी सुटताना बाबा डब्याबरोबर चार पावलं चालले. “तब्येतीले सांभाळजो. लय थंडी असते तिकळे,” ते म्हणाले. आजूबाजूला माणसं होती म्हणून असं म्हणाले, असं तिला तेव्हा वाटलं. एक तास दहा मिनिटांनी अकोला आलं. स्कार्फ गुंडाळून, दोन बॅगा ओढत ती दाराशी आली, तेव्हा समोरच्या बाकावरची म्हातारी, जिनं बडनेऱ्याचा सगळा सोहळा पाहिला होता आणि तिच्यासाठी हळहळलीही होती, घाबरून म्हणाली, “अवो बाई, हे अकोला हाय!”

“हो आजी. माहीत आहे.”

“जर्मनी तं पुढं असन ना?”

पुढं होती. अजूनही पुढंच होती. दुसरा अर्ज जानेवारीत नामंजूर झाला. खात्री अजून पटलेली नव्हती. तिसरा कुठल्यातरी टेबलावर होता. मधल्या काळात आत्याच्या मागच्या खोलीतली एक भिंत जीवननं येऊन पांढरी करून दिली, त्या भिंतीसमोर वर्षाली बसे आणि अंगात जाकीट घालून सगळ्यांशी बोले. तिकडे एप्रिलमध्ये थंडी असते की नाही हे फोनवरच्या मंडळींना माहीत नव्हतं. जाकीट बघून त्यांना बरं वाटे. फोन ठेवला की पाठीवरून घाम कमरेत उतरलेला असे. त्या गावातला पाऊस, बर्फ, ट्रामचा संप, सगळं ती रोज मोबाइलवर पाहून ठेवी. रेल्वे स्टेशन कुठं आहे, हे ती जर्मन भाषेत अडखळल्याशिवाय विचारू शकत होती. रात्री उशिरा जेवे, सकाळी उशिरा उठे. आत्या सुरुवातीला रागवायची, मग म्हणायला लागली, “राहू दे, तिची झोपच तशी हाय, तिकळची.”

नेमकं कधी सुरू झालं, हे तिला सांगता आलं नसतं. पहिल्या महिन्यात बाबांनी फोनवर विचारलं, “कसं काय हाय हवामान?” ती हसून म्हणाली, “बाबा, मी आत्याकडंच तं आहो.” पलीकडं बाबा खाकरले. शेजारी कोणीतरी बसलेलं असणार. “हो, पन हवामान कसं हाय?” मग ती म्हणाली, “थंडी आहे.” दिवाळीत जीवन फराळ घेऊन आला. चकल्या, करंज्या, शेव, सगळं तीन पदरी प्लॅस्टिकमध्ये, वरून चिकटपट्टी, बाजूला मार्करनं वजन लिहिलेलं. दहा मिनिटं उभा राहिला. तिच्याकडे बघून, तिच्यापासून दोन हातांवर उभा राहून, म्हणाला, “बरी हायेस ना तिकळे?” ती ‘हो’ म्हणाली. दोघांनाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. तो गेल्यावर तिनं चकली तोंडात घातली, आणि हजारो मैलांवरून घरचं खाणं आल्यावर माणसाला जसं रडू येत असेल, तसं तिला आलं. मार्चपासून बाबा एकटे असतानाही, पहाटे निशिगंधाच्या मळ्यातून फोन करतानाही, मागं विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येत असतानाही, हवामानच विचारत. “इकळे लय ऊन हाय बाई. तुयं बरं हाय.” सात महिन्यांत ते एकदाही अकोल्याला आले नाहीत. निशिगंध मात्र आठवड्यातून तीनदा यायचा, तिच्या चेहऱ्याखाली झाकून, चेहरा आतल्या बाजूनं, म्हणजे फुलांकडे करून. हे तिला आज कळलं होतं.

मूर्तिजापूर गेलं. शेतं उघडी, काळी, भेगाळलेली. धुऱ्यावर कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग. शेजारच्या बाईनं विचारलं, “कोनाकळे जाता?” वर्षालीनं तयार उत्तरांत हात घातला आणि पहिल्यांदाच हाती काही लागलं नाही. “घरी,” ती म्हणाली, आणि हा शब्द तोंडाबाहेर पडल्याबरोबर तिचं ठरलं. दारात पोचल्याबरोबर स्कार्फ सोडायचा. काही बोलायचं नाही. सोडायचा आणि आत जायचं. तीनशे माणसं असोत, खुशालराव असोत. सात महिने मी अकोल्याला होते म्हणून सांगायचं, एकदाच, मोठ्यानं. मग बाबांच्या पायाशी बसायचं. लोक काय बोलतील तर बोलतील. तेराव्यापर्यंत बोलतील, फार तर पुढच्या सत्कारापर्यंत. तिनं मनातल्या मनात स्कार्फची गाठ दोनदा सोडून पाहिली. मानेमागची गाठ, मग कानाजवळचा पदर. चार सेकंदांचं काम.

बडनेऱ्याच्या पुलावर फोन थरथरला. चुलत बहिणी, वर्गातल्या मैत्रिणी, सगळ्यांचे निरोप एकदम येऊ लागले. धीर धर. एकटी आहेस, रडू नकोस. तिकडे कोणी जवळ आहे ना? आणि त्यांत जीवनचा: ‘बाबा सकाळी गेले. तुला कळवायचं नव्हतं पण लोकांनी कळवलंच असेल. मनाला लावून घेऊ नको. इतक्या दुरून येणं होत नाही हे सगळ्यांना समजते. आई ठीक आहे.’ तिथून घर पंधरा मिनिटांवर होतं. तिनं तो निरोप पुन्हा वाचला. त्यात एकही शब्द लोकांना दाखवायला लिहिलेला वाटत नव्हता. जीवननं तो मनापासून लिहिला होता. फोनचा आवाज तिनं बंद केला.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. पुढं मोटारसायकली, खुर्च्या, कापडी मांडव. बाबांना जाऊन नऊ तासही झाले नव्हते आणि विजेच्या खांबावर नवा फ्लेक्स चढला होता. इतर कशाला उशीर होवो, हे काम या शहरात वेळेवर होतं. बाबांचा आधार कार्डावरचा फोटो मोठा केल्यामुळे विटांसारखा तुकड्यातुकड्यांचा झाला होता. भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल: पत्नी जयवंता, मुलगा जीवन, बहीण सुभद्रा, आणि चौथ्या ओळीत, थोड्या ठळक अक्षरांत, मुलगी कु. वर्षाली (जर्मनी). इतर कोणाच्याही नावापुढं गाव नव्हतं. खालच्या कोपऱ्यात खुशालराव, या वेळी हसत नव्हते, पण फोटो नवा काढलेला होता.

तिनं हात मानेमागं नेला. गाठ घामानं घट्ट झाली होती.

“पोरगी जर्मनीले पाठवनं म्हंजे काय खाऊ हाय?” खांबाखाली उभे असलेले खुशालराव दोघातिघांना सांगत होते. “फुलावाल्या मानसानं. परवा दवाखान्यात भेटाले गेलो, तोंडाले मास्क, बोलता ये ना. मी मनलं, भगवंतराव, पोरीले बोलावतं का? मास्क बाजूले केला त्यानं न् मले म्हने, नोका, तिची परीक्षा हाय. दुसरा राह्यता तं रडता. बाप असा पायजे!”

“नाई तं काय,” एक जण म्हणाला, आणि खरोखरच डोळे पुसले.

वर्षालीचा हात खाली आला. कोणी ओढला नाही. आपला आपण आला. ती खुशालरावांच्या शेजारून, हातभर अंतरावरून, आत गेली. त्यांनी तिला वाट करून दिली. “जा बाई, बाया आत हायेत.”

बाबा अंगणात, पश्चिमेकडच्या भिंतीच्या सावलीत होते. मिटलेल्या डोळ्यांनी ते नेहमीपेक्षा लहान दिसत होते आणि त्यांच्या अंगावर दुसऱ्यांनी केलेले हार होते. तिनं आधी हार पाहिले, आणि पाहिले म्हणून तिला स्वतःची लाज वाटली, पण दिसलं ते दिसलं. सुतळीत ओवलेले, फुलं विरळ, मागच्या बाजूनं कागदी पट्टी. बाबा केळीच्या सोपटाचा ओला धागा वापरत. सुतळीनं फुलाची मान कापली जाते म्हणत. झेंडूची पिशवी तिनं पायाशी रिकामी केली. अकोल्याच्या बाजारातली, उन्हानं मऊ झालेली फुलं. सुभद्रा आत्या समोरच बसली होती. तिनं वर पाहिलं, डोळे पाहिले, आणि तिच्या हातातला पदराचा बोळा तसाच तोंडापाशी राहिला.

“कोन वं बाई तू?” एका शेजारणीनं विचारलं.

बायांच्या माना वळल्या. आईनंही पाहिलं. आई भिंतीला टेकून होती, केस सुटलेले, रडून रडून आवाज बसलेला. एका गोष्टीचं वर्षालीला नंतर नवल वाटलं नाही, पण त्या क्षणी वाटलं. आईला ओळखायला वेळ लागला. डोळ्यांकडे बघत राहिली, तीन-चार श्वास. मग म्हणाली, “वर्षालीची मैत्रीण हाय. संगं शिके तिच्या.”

“ये बाई, ये,” शेजारीण हळहळली. “तिले नाई येता आलं, तू तं आली.”

आईनं तिला ओढून जवळ घेतलं. लेकीच्या मैत्रिणीला घ्यावं त्यापेक्षा बरंच घट्ट. कोणी मोजत नव्हतं. स्कार्फावरून कानाशी तोंड आणून आई बोलली ते दोनच वाक्यं. “तोंड नोको सोडू वं माय. काल रात्री नर्सले सांगे, माही पोरगी जर्मनीले हाय म्हने, त्याच्यानंतर बोललाच नाई तो.”

हे शेवटचं. यात आता भर घालता येणार नव्हती की खोडताही येणार नव्हतं. वर्षाली आईच्या खांद्यावर कपाळ ठेवून बसली आणि स्कार्फ आतून ओला होत गेला. बाहेरून कळत नव्हतं.

“जीवन, फोन लाव,” खुशालराव अंगणात आले. “उचलाच्या आधी पोरीले दर्शन झालं पायजे. आजकाल सगळं होते फोनवर. आता तिकळे किती वाजले असन?”

“साडेनऊ,” जीवन म्हणाला. त्याला पाठ होतं. तो आईकडे बघत होता, आईशेजारच्या डोळ्यांकडे बघत होता. आता त्याच्या लक्षात आलं होतं. त्याचा अंगठा फोनवर थांबला.

“लाव ना बे! बापाचं तोंड पाहू दे तिले.”

वर्षालीच्या पर्समध्ये, बरगडीला लागून, फोन थरथरू लागला. दहा-बारा बाया गप्प बसून ऐकत होत्या. आईनं एकदम हंबरडा फोडला. आवाज बसलेला असूनही इतका मोठा, की त्यात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. आणि हंबरड्याच्या आडून तिनं वर्षालीच्या पाठीवर हात ठेवून तिला दाराकडे ढकललं.

“उचलत नाई,” जीवन म्हणाला.

“लेक्चर असन. पुन्हा लाव.”

घरामागच्या बोळात खुशालरावांच्या घराची मागची भिंत होती. लग्नसराईसाठी नुकतीच पांढरी केलेली, कोरी. वर्षाली भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मानेमागची गाठ, कानाजवळचा पदर. चार सेकंदांचंच काम होतं. तोंडाला गरम वारा लागला. सात महिन्यांत अमरावतीत तिचा चेहरा पहिल्यांदा उघडा झाला होता. तिनं फोन उचलला.

स्क्रीनवर आधी मांडवाचं कापड आलं, मग जीवनचा अंगठा, मग बाबा. अंगणात इतक्या जवळून तिनं त्यांना पाहिलं नव्हतं. नाकातला कापूस, भुवईत अडकलेली निशिगंधाची एक पाकळी. बायांचं रडणं भिंतीपलीकडून येत होतं आणि एका सेकंदानं पुन्हा फोनमधून येत होतं. सगळे दोनदा रडत होते.

“बोल बाई, बोल. ऐकून राह्यला तो,” खुशालरावांचा आवाज आला, आधी तिथून, मग इथून.

“बाबा,” ती म्हणाली. पलीकडं अंगणात तिचा आवाज फोनमधून बाहेर पडला, आणि तोही तिला ऐकू आला.

“काय आवाज हाय! जशी बाजूले उभी हाय,” कोणीतरी म्हणालं. मग एका बाईचा आवाज, “घामेजली दिसते वं पोरगी.” आणि त्यावर आईचा, फाटलेला, पण जराही न अडखळलेला: “हिटर असते तिकळे घरात.”

मग उचला, उचला म्हणून गलका झाला. जीवनच्या हातात मडकं आलं, म्हणून फोन खुशालरावांनी घेतला. “फोन ठेवू नोको बाई. तुले सगळं दाखवतो, मोक्षधामापर्यंत.” मिरवणूक दारातून निघून वळणार होती ती याच बोळाच्या तोंडावरून, दुसरा रस्ता नव्हता. पळायला जागा नव्हती आणि स्कार्फ गुंडाळायला दोन हात लागतात. वर्षालीनं कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

“तुयं तोंड नाई दिसून राह्यलं बाई.”

“नेटवर्क, काका.”

“बरं, बरं. तुले दिसते ना?”

पाठीमागं पावलं आली, खूप पावलं, आणि चपलांचा फटफट आवाज. झेंडूचा वास आला. तिनं मान वळवली नाही. हातातल्या स्क्रीनवर तिरडीचा बांबू हलत होता, बाबांचे पाय हलत होते; मग खुशालरावांनी सगळं दाखवायचं म्हणून फोन सावकाश बाजूला फिरवला, आणि स्क्रीनवर एक बोळ आला, एक पांढरी भिंत आली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिलेली एक मुलगी आली, पाठमोरी, खांद्यावर सुटलेला स्कार्फ, आणि गेली.

“बरोबर दिसते ना?” खुशालराव विचारत होते.

“दिसतंय,” ती म्हणाली.